ती यानं उडणार नाहीत, तरीही वाचा

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. मी ओझरच्या एचएएल कारखान्यात असेंब्लीला होतो. मिगपासून सुखोईपर्यंतच्या लढाऊ विमानांवर काम केलं आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आता इंदिरानगरला राहतो. तरुणपणी देवळाली कॅम्पातल्या रद्दीच्या दुकानात इंग्रजी पेपरबॅक स्वस्तात मिळायचे. त्यात अंतराळातल्या लढायांच्या, तारकासाम्राज्यांच्या जुन्या कादंबऱ्या हाती लागल्या. डिक्शनरी शेजारी ठेवून मी त्या वाचून काढल्या. निवृत्तीनंतर ती खोकी पुन्हा उघडली आणि आता रोज दुपारी तेच चालू असतं. लेक पुण्याला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. दिवाळीत घरी आली तेव्हा तिने एक पुस्तक चाळलं आणि म्हणाली, "बाबा, यातलं काहीच विज्ञानात बसत नाही. आणि यात बायका फक्त वाचवून घ्यायला असतात का?" मला उत्तर देता आलं नाही. सौ.चं म्हणणं, या वयात काही चांगलं वाचावं आणि खोकी रद्दीत द्यावीत. ज्या माणसाने आयुष्यभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी डोकं फोडलं, त्याला ही अशक्य यानं का आवडावीत, हे माझं मलाच कळत नाही. वाचणं सोडू का? आणि लेकीला काय सांगू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

काका, नमस्कार.

वाचणं सोडू नका आणि खोकी रद्दीत देऊ नका. एवढं आधी सांगून टाकते. तुमच्या दोन प्रश्नांच्या मागे एक संकोच आहे आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. मराठीत मन लावून वाचणाऱ्या पुष्कळांना स्पेस ऑपेरा, म्हणजे तुमच्या खोक्यातल्या तारकासाम्राज्यांच्या कादंबऱ्यांचा हा प्रकार, आवडतो हे कबूल करायला अवघड जातं. तो संकोच कुठून येतो, हे मला नीट मांडायचं आहे.

पण लेक जे म्हणाली ते खरं आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. 'द स्कायलार्क ऑफ स्पेस' घ्या, तुमच्या खोक्यात बहुधा असेलच. एडवर्ड एल्मर स्मिथने ती १९१५ मध्ये लिहायला घेतली. पुढे कित्येक वर्षं ती संपादकांकडून परत येत राहिली आणि अखेर ऑगस्ट १९२८ च्या 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात क्रमशः छापून यायला लागली. नायक प्रयोगशाळेत एका अज्ञात धातूच्या द्रावणावर काम करत असतो. तांब्याचं एक भांडं त्याच्या प्रभावाखाली येतं आणि खिडकीतून थेट आकाशात निघून जातं. त्यातून तांब्याच्या ऊर्जेवर चालणारं यान तयार होतं. हे यान प्रकाशाच्या कितीतरी पट वेगाने धावतं, आणि मग प्रकाशापेक्षा वेगाने काहीच जाऊ शकत नाही असं सांगणाऱ्या आइन्स्टाइनचं काय, असा प्रश्न निघाला की नायक दोन वाक्यांत विषय मिटवतो: सिद्धान्त हा सिद्धान्त आहे, आपण कापलेलं अंतर तर समोर दिसतंय. सापेक्षता शिकणाऱ्या मुलीने हे वाचून कपाळाला हात लावला, तर तिचं काय चुकलं?

स्मिथ काही अडाणी नव्हता. त्याने रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली होती, अन्नपदार्थांच्या उद्योगात तो रसायनतज्ज्ञ होता, डोनटच्या तयार पिठाची मिश्रणं बसवणं हे त्याचं रोजचं काम होतं. ग्रॅमचा हिशेब ठेवणारा माणूस होता तो. नियम त्याला पक्के ठाऊक होते आणि ते त्याने समजून-उमजून मोडले. ते कशासाठी, हे कळायला त्या दशकात आकाशात काय घडत होतं ते पाहावं लागतं.

२६ एप्रिल १९२० रोजी वॉशिंग्टनला हार्लो शॅप्ली आणि हेबर कर्टिस हे दोन खगोलशास्त्रज्ञ एका व्यासपीठावर आले. दुर्बिणीतून दिसणारे सर्पिलाकार तेजोमेघ आपल्या आकाशगंगेतले की तिच्या बाहेरचे, हा वाद होता. म्हणजे आपली आकाशगंगा हेच अख्खं विश्व आहे का, हे तेव्हा जगातल्या सर्वांत जाणत्या माणसांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं. तुमचे-माझे पणजोबा हयात असतानाची गोष्ट आहे ही. मग ऑक्टोबर १९२३ मध्ये एडविन हबलला देवयानीच्या (अँड्रोमेडाच्या) तेजोमेघात तेज कमी-जास्त होणारा एक विशिष्ट प्रकारचा तारा सापडला. अशा ताऱ्याच्या लुकलुकण्याच्या कालावधीवरून त्याचं खरं तेज कळतं आणि त्यावरून अंतर काढता येतं. १ जानेवारी १९२५ ला हबलचा निष्कर्ष खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत वाचला गेला. त्याचा आकडा नऊ लाख प्रकाशवर्षांच्या घरात होता. आज आपण तो पंचवीस लाख मानतो. आकडा सुधारला, पण निकाल त्याच दिवशी लागला होता: देवयानी बाहेर आहे, ती आपल्या आकाशगंगेसारखीच स्वतंत्र दीर्घिका आहे, आणि अशा असंख्य आहेत.

आणि माणूस तेव्हा कुठवर पोचला होता? १६ मार्च १९२६ ला रॉबर्ट गॉडर्डने मॅसॅच्युसेट्समधल्या एका शेतात द्रवरूप इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. अडीच सेकंद ते हवेत होतं. उंची गाठली साधारण साडेबारा मीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार मजली इमारतीएवढी.

एकीकडे लाखो प्रकाशवर्षं, दुसरीकडे साडेबारा मीटर. स्पेस ऑपेरा जन्मला तो या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत. विश्व अचानक इतकं मोठं झालं की माणूस त्यात कुठेच दिसेना. अशा वेळी एखादा तत्त्वज्ञ म्हणेल की माणूस क्षुद्र आहे, आणि त्याचं म्हणणं खोडता येणार नाही. मासिकांत लिहिणाऱ्या या लोकांनी ते ऐकून घेतलं नाही. त्यांनी माणसाला उचलून देवयानीच्या पलीकडे नेऊन उभं केलं आणि म्हटलं, आता बोल. कशाने नेलं याला त्यांच्या लेखी फार किंमत नव्हती. तांबं तर तांबं.

मला वाटतं, ही पुस्तकं जवळजवळ शंभर वर्षं टिकली ती यामुळे. त्यातल्या गॅजेटांमुळे एखादं पुस्तक टिकत नाही. गॅजेट तर पाचच वर्षांत जुनं होतं. अंतराळात जाणारी ही माणसं स्लाइडरूलवर, म्हणजे सरकत्या पट्टीवर, आकडेमोड करतात, संगणक कुठे दिसत नाही. तरीही पान उलटलं जातं, कारण त्या आकाराची भीती आणि तिला सामोरं जायची जिद्द अजून शिळी झालेली नाही. उलट दुर्बिणी जसजशा मोठ्या होत गेल्या तसा तो आकार वाढतच गेला आहे.

आता आपल्या संकोचाकडे येते. मराठीत विज्ञानकथा वाढली ती प्रबोधनाचं बोट धरून. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेला १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिलं पारितोषिक मिळालं, हे मराठी वाचकांना माहीत असतं. कथेतलं विज्ञान पक्कं हवं, हा नारळीकरांचा आग्रह होता आणि त्या आग्रहाने मराठी वाचकाला फार दिलं. मी त्याच कथांवर वाढले. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या नाशिकला ९४वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याचे अध्यक्ष नारळीकर होते. विज्ञानकथा लिहिणारा खगोलशास्त्रज्ञ संमेलनाचा अध्यक्ष व्हावा आणि ते संमेलन गोदाकाठी भरावं, याचा आनंद मला अजून आहे.

पण या परंपरेने आपल्याला एक सवय लावली. विज्ञानकथा वाचून खाली ठेवली की हाती काहीतरी ज्ञान लागलं पाहिजे, असं आपण धरून चालतो. कृष्णविवर कळलं पाहिजे, काळाचं आकुंचन-प्रसरण कळलं पाहिजे. नारळीकरांच्या कथेकडून ही अपेक्षा रास्तच आहे. तीच अपेक्षा घेऊन स्मिथकडे किंवा त्याच्यासारख्याच तारकायुद्धांच्या गोष्टी लिहिणाऱ्या एडमंड हॅमिल्टनकडे गेलं की हाती काही लागत नाही. मग वाटतं, आपण वेळ वाया घालवला, आणि त्यात आनंद झालेला असेल तर आणखीच ओशाळायला होतं. काकू "काही चांगलं वाचावं" म्हणतात त्यामागेही हेच आहे. वाचन म्हणजे काहीतरी पदरात पाडून घेणं, असं आपण सगळेच शिकत आलो.

ही पुस्तकं पोवाड्याच्या पंगतीला बसवा, म्हणजे सगळं जागच्या जागी येतं. पोवाडा ऐकताना शत्रूचं सैन्य नेमकं किती होतं आणि वार किती इंच खोल गेला, याचा पंचनामा कोणी मागत नाही. शाहीर डफावर थाप मारतो, शत्रूला प्रचंड करतो, वीराला त्याहून प्रचंड करतो आणि चौकागणिक आवाज चढवत नेतो. स्मिथची लेन्समन मालिका नेमकी अशीच चढत जाते. तिच्यातली 'गॅलॅक्टिक पेट्रोल' १९३७-३८ मध्ये 'अस्टाउंडिंग' मासिकात महिन्यामागून महिना छापली गेली. आधी एक यान दुसऱ्या यानाशी झुंजतं. मग ताफ्याशी ताफा. मग अख्खे ग्रह जागेवरून हलवून शत्रूच्या ग्रहावर दोन्ही बाजूंनी आदळले जातात. मग एका सूर्याची सगळी ऊर्जा एकाच झोतात गोळा करून शत्रूवर सोडली जाते. दर टप्प्यावर वाटतं, झालं, आता याच्यापुढे काय असणार? पुढच्या प्रकरणात असतं! महिनाभर पुढच्या अंकाची वाट पाहणाऱ्या वाचकाला बांधून ठेवायचं तर असंच लिहावं लागतं. तो चढता सूर हे त्या लेखनाचं कसब आहे. तुम्हाला दुपारी तीन वाजता पुस्तक खाली ठेववत नाही, ते या कसबामुळे.

आणि तुमच्यासारख्या माणसाला ती का आवडावीत, हे कोडं मला अजिबात पडलेलं नाही. या कादंबऱ्यांमध्ये वर्कशॉप आहे. शत्रूने नवं शस्त्र आणलं की नायक मंत्र म्हणत बसत नाही, तो सहकाऱ्यांना घेऊन कामाच्या टेबलाशी जातो. मोजमाप होतं, जुळणी होते, पहिली चाचणी फसते, दोष सापडतो, पुन्हा जुळणी होते. जगाचा शेवट टळतो तो रात्रपाळीतल्या कामामुळे. साहित्याच्या किती प्रकारांत असेंब्लीवर काम करणाऱ्या माणसाला हा मान मिळतो, सांगा. आपल्या कथा-कादंबऱ्यांत कारखाना आला तर तो संपासाठी किंवा अपघातासाठी येतो. यंत्र नीट बसल्यावर होणारा आनंद क्वचितच कोणी लिहितं. स्मिथने तो पानंच्या पानं लिहिला आहे. तुम्ही त्या पानांवर रेंगाळत असणार, खात्री आहे मला.

ती कल्पना नेहमी हवेत विरली असंही नाही. लेन्समन मालिकेतल्या सेनापतीच्या जहाजावर एक प्रचंड दालन आहे. तिथे सगळ्या ताफ्यांच्या जागा एकाच ठिकाणी दिसतात आणि तिथूनच हुकूम सुटतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकांवर लढाईची सगळी माहिती एका खोलीत आणण्याची जी व्यवस्था झाली, तिच्यामागे या दालनाची कल्पना होती, असं नौदलातल्या एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने 'अस्टाउंडिंग'चा संपादक जॉन कॅम्पबेल याने १९४७ मध्ये स्मिथला पत्रातून कळवलं होतं.

तुमच्या बाबतीत तर कादंबरी आणि कारखाना यांच्यात फार अंतर नव्हतं. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये अंतराळात जाऊन आले आणि १९८७ पासून १९९२ पर्यंत एचएएलच्या नाशिक विभागाचे मुख्य चाचणी वैमानिक होते. तुम्ही तेव्हा ओझरला असाल, तर तुम्ही जुळवलेलं यंत्र धावपट्टीवरून वर नेणारा माणूस पृथ्वीला बाहेरून पाहून आलेला होता. हे लेकीला सांगितलं आहे का कधी? नसेल तर सांगा.

आणि नाशिकमध्ये राहून भव्य कल्पनेची लाज वाटावी, हे तर मला मुळीच पटत नाही. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' १९४२ चा. त्यात 'पृथ्वीचे प्रेमगीत' आहे. सूर्याच्या ओढीने युगानुयुगं फिरणारी पृथ्वी आहे, तिची मनधरणी करणारे शुक्र, मंगळ, ध्रुव आहेत. पृथ्वीला मन कुठून आलं, अशी शंका कोणी काढत नाही. त्याच संग्रहात 'कोलंबसाचे गर्वगीत' आहे, खवळलेल्या समुद्राला ऐकवलेलं. ती कविता मोठ्याने म्हणा आणि मग तुमचं एखादं आवडतं प्रकरण उघडा. मला दोन्हींत एकच ऊर्मी दिसते. त्याच १९४२ च्या मे महिन्यात 'अस्टाउंडिंग'मध्ये अमेरिकी लेखक आयझॅक असिमॉव्हची 'फाउंडेशन' मालिकेतली पहिली कथा आली. असिमॉव्ह बावीस वर्षांचा, शिरवाडकर तिशीचे. एकाला दुसऱ्याचं नावही ठाऊक नसणार. महायुद्ध पेटलेलं असताना एकाने नाविकांना अनंताकडे हाकारलं आणि दुसऱ्याने बारा हजार वर्षं टिकलेलं तारकासाम्राज्य कोसळताना पाहिलं, आणि तीस हजार वर्षांचा अंधार हजार वर्षांवर कसा आणता येईल, याची योजना आखली.

आता लेकीचा दुसरा प्रश्न. तो पहिल्यापेक्षा जड आहे आणि त्याला पोवाड्याचं उत्तर पुरणार नाही.

बायका वाचवून घ्यायला असतात का? 'स्कायलार्क'मध्ये हो, सरळसरळ. खलनायक नायिकेला पळवतो आणि नायक यान घेऊन मागे जातो. प्रेमाचे प्रसंग आपल्याला जमणार नाहीत असं वाटल्याने स्मिथने ते ओळखीतल्या ली हॉकिन्स गार्बी या बाईंकडून लिहून घेतले. 'फाउंडेशन'च्या पहिल्या पुस्तकात बाई जवळजवळ दिसतच नाही. हजार वर्षांचं भविष्य आखणाऱ्या लेखकाला निम्मी माणसं आठवली नाहीत. पुढच्या भागांत बेटा आणि आर्केडी या नायिका येतात आणि पुस्तकांत जीव येतो, यात मला आश्चर्य वाटत नाही.

याहून वाईटही आहे. 'स्कायलार्क थ्री'मध्ये नायक शत्रूची अख्खी जात संपवतो, पळून चाललेलं शेवटचं यानसुद्धा गाठून नष्ट करतो, आणि पुस्तक याला विजय म्हणतं. ती १९३० ची. लेन्समन मालिकेत उच्च बुद्धीचे परग्रहवासी माणसांची वंशावळ पिढ्यान्‌पिढ्या जुळवत आणतात, उत्तम माणूस निपजावा म्हणून. चांगल्या रक्ताच्या या कल्पना त्या काळात अमेरिकेत राजरोस बोलल्या जात होत्या आणि युरोपात त्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. ही पानं आली की मी थांबते. तुम्हीही थांबा. त्यांच्यावरून घाईने पुढे जाणं आणि त्यांच्यामुळे पुस्तक फेकून देणं, दोन्ही मला सारखंच चुकीचं वाटतं. लेक विचारेल तेव्हा "त्या काळी तसंच होतं" असं म्हणून सुटका करून घेऊ नका. त्याच काळात वेगळं लिहिणारी माणसंही होती.

आणि त्यांत बायका होत्या! सी. एल. मूर यांची पहिली गाजलेली कथा नोव्हेंबर १९३३ ची, मंगळावरच घडणारी. लेखिका बाई आहे हे नुसत्या आद्याक्षरांवरून पुष्कळ वाचकांना कळलंच नाही. ली ब्रॅकेटची पहिली कथा १९४० ची. तिच्याबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण लेकीच्या दोन्ही आक्षेपांना एकाच वेळी भिडणारी लेखिका हीच आहे.

ब्रॅकेटचा मंगळ म्हाताऱ्या संस्कृतींचा आहे. आटलेले समुद्र, ओसाड बंदरं, कालव्यांच्या कडेने तग धरून राहिलेली शहरं, आणि पृथ्वीवरून आलेले लोभी लोक. तिचे नायक विजेते नसतात. बहुतेक जण हरलेले, पळालेले, कुठल्याच ग्रहाचे नसलेले असतात आणि बायकांना स्वतःची मतं व हत्यारं असतात. असा मंगळ खरा नाही, हे जुलै १९६५ मध्ये कळलं. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि त्याने वीसेक छायाचित्रं पाठवली. त्यात खड्डेच खड्डे होते, आपल्या चंद्रासारखे. कालवे नव्हते, समुद्र नव्हते, हवा अगदी विरळ. थोड्याच दिवसांत तिचं सगळं जग चुकीचं ठरलं.

तरी लोक ब्रॅकेट वाचतात. मीही वाचते. कारण मंगळाविषयी माहिती द्यावी म्हणून तिने ते लिहिलंच नव्हतं. आपल्याआधी इथे कोणीतरी होतं, त्यांचंही वैभव होतं आणि ते गेलं, ही जाणीव मंगळाच्या वाळूत जितकी खोल जाते तितकी ती इतिहासाच्या पुस्तकात जात नाही. शिवाय ही बाई हॉलिवूडसाठी उत्तम पटकथा लिहायची. १९८० मध्ये आलेल्या, 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'चा पहिला मसुदा तिचा. तो देऊन झाल्यावर मार्च १९७८ मध्ये ती गेली. म्हणजे तुमच्या लेकीने तो सिनेमा पाहिला असेल, तर तुमच्या खोक्यातली एक लेखिका तिला आधीच भेटली आहे.

खोक्यांचं म्हणाल, तर थोडी काळजी लवकर घ्या. जुन्या पेपरबॅकचा कागद स्वस्त लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, कागदातलं आम्ल त्याला ठिसूळ करतं. पुस्तकं पुठ्ठ्याच्या खोक्यातून बाहेर काढून बंद कपाटात उभी लावा, बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला कपाट टेकवू नका, सुटलेल्या पानांना सेलोटेप मुळीच लावू नका. त्याचा चिकटपणा काही वर्षांत कागदच खातो. काकूंशी वाद घालू नका. एक कपाट मागा, फक्त एक. आणि कधीतरी संध्याकाळी हॅमिल्टनच्या 'द स्टार किंग्ज'ची गोष्ट त्यांना तोंडी सांगा. विमा कंपनीतला एक साधा हिशेबनीस, युद्धावरून परतून खुर्चीत कंटाळलेला, दोन लाख वर्षांनंतरच्या एका राजपुत्राशी मनांची अदलाबदल करतो आणि महायुद्धाच्या ऐन तोंडावर जाऊन पडतो. तिथे सगळे त्याला राजपुत्र समजतात आणि त्याला तर बसायचं कुठे हेही माहीत नसतं. गोष्ट म्हणून ती कोणालाही धरून ठेवते. तुम्ही सांगत असताना काकूंनी "मग?" विचारलं, तर कपाट मिळालं असं समजा.

राहता राहिली लेक. तिच्यापुढे पुस्तकांचं समर्थन करू नका. तिच्याकडून पसंतीचा शिक्का मिळवायची तुम्हाला गरज नाही आणि तो मागितला की तुम्ही दोघं वादी-प्रतिवादी होता. त्याऐवजी तिला तिच्या विषयातलं एक काम द्या.

तिला म्हणा, असं यान धर की जे सतत एक जी एवढ्या प्रवेगाने पळतंय, म्हणजे आतल्या माणसाला पृथ्वीवर उभं असल्यासारखंच वजन जाणवेल. शाळेतल्या गणिताने वर्षभराचा वेग काढ. सेकंदाला नऊ पूर्णांक आठ मीटरची वाढ आणि वर्षाचे साधारण तीन कोटी सोळा लाख सेकंद, असा गुणाकार केला की उत्तर प्रकाशाच्या वेगाच्या किंचित पुढे जातं. हे घडणं शक्य नाही, हे ती लगेच सांगेल. मग म्हणा, आता आइन्स्टाइनच्या नियमाने कर. निम्म्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, उरलेल्या वाटेत तितकाच कमी करायचा, आणि मुक्काम देवयानी. यानातल्या घड्याळात किती वर्षं होतील?

उत्तर अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या घरात यायला हवं. पंचवीस लाख प्रकाशवर्षं, आणि यानातला माणूस एका नोकरीएवढ्या काळात पोचतो. पृथ्वीवर मात्र पंचवीस लाख वर्षं उलटलेली असतात. स्मिथने ज्या सिद्धान्ताला वाटेतून ढकललं, त्यानेच देवयानीची वाट मोकळी ठेवली होती, फक्त भाडं भयंकर होतं: घरी परतायला घर उरत नाही. इंधन कुठून आणायचं, हे तिला विचारा. त्यावर तुम्ही दोघं रात्रभर बोलू शकाल. तुम्हाला यंत्र कळतं, तिला समीकरण. मला हेवा वाटतो तुमचा.

एवढं झाल्यावरच पुस्तक द्या. पहिलं ब्रॅकेटचं 'द स्वोर्ड ऑफ रायनॉन', छोटं आहे, मंगळावर समुद्र होते त्या काळात नेतं. ते आवडलं तर 'फाउंडेशन', आणि देताना सांगा की वायूतला एकेक रेणू कुठे जाईल ते सांगता येत नाही पण सगळ्या वायूचं वागणं सांगता येतं, या भौतिकशास्त्रातल्या विचारावरून असिमॉव्हने त्यातलं भविष्यशास्त्र उभं केलं. पहिल्या भागात बायका नाहीत, हेही आधीच सांगून ठेवा. स्मिथ सगळ्यात शेवटी. 'स्कायलार्क थ्री' तर तिने स्वतः मागितल्याशिवाय देऊ नका, आणि मागितलं तर तिच्या बरोबरीने तुम्हीही पुन्हा वाचा.